पहिले वीस सेकंद

येरवड्यात उत्तरेश्वर ओव्हाळांचं नाव होतं ते एकाच कसबासाठी. कितीही लांबलचक शूटिंग आणा, ओव्हाळ ते एका डीव्हीडीत बसवून देणार. लग्न असो, बारसं असो, डिस्क एकच. "दुसरी डिस्क कोण लावतंय हो? पहिली संपली की माणसं जेवायला उठतात," असं ते म्हणायचे, आणि खोटं नव्हतं ते.

आता बसवायचं म्हणजे कापणं आलंच. फाइल नुसती दाबून बारीक केली की नवरीच्या तोंडावर चौकोन उमटतात आणि गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं. म्हणून ओव्हाळांचा नियम होता, प्रत्येक तुकड्याचे पहिले वीस सेकंद उडवायचे. असतं काय त्यात? हात हलतो, फरशी दिसते, कुणीतरी विचारतं, "चालू झाला का?" सगळा फापटपसारा! मूळ आवाजात कुकरच्या शिट्ट्या, म्हणून वरून बासरीची धून सोडायची. डिस्क तयार झाली की फाइली लगेच पुसायच्या, कारण कॉम्प्युटर कायम भरलेला.

त्यांची एकुलती एक लेक दीपाली हडपसरच्या कंपनीत लागली आणि कंपनीनं तिला अमेरिकेला पाठवलं, त्याला तीन वर्षं झाली होती. लग्न तिकडंच केलं, बाळंतपणही तिकडंच. कागदपत्रं अडकल्यामुळं अजून दोन वर्षं तरी तिला येता येणार नव्हतं. आणि इकडं तिच्या आईच्या, इंदुबाईंच्या, डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली वर्षभरात जाईल. "दीपीला कळवाल तर बघा," इंदुबाईंनी नवऱ्याला दम भरला होता. "हातातलं टाकून पळत येईल पोरगी." बाई बोलायची नाही, पण जीव कशात अडकलाय ते ओव्हाळांना ठाऊक होतं. डोळे आहेत तोवर लेक एकदा डोळे भरून बघायची होती.

दोन हजार सहाच्या लगीनसराईत दीपालीच्या ऑफिसातला एक जण पुण्याला आला. त्याच्याबरोबर तिनं एक हार्डडिस्क धाडली होती. वर्षभरातले बाळाचे त्रेचाळीस तुकडे. ओव्हाळांकडं तेव्हा नऊ लग्नं पडलेली, तरी घरचं काम त्यांनी आधी घेतलं. एकेक तुकडा बघत बसायला वेळ कुठला! सगळे कॉम्प्युटरवर घेतले, नेहमीसारखे वीस-वीस सेकंद उडवले, बासरी चढवली, सगळं एका डिस्कवर चपखल बसवलं आणि कॉम्प्युटरवरच्या फाइली पुसल्या. मग लेकीला पुन्हा भरून पाठवता यावी म्हणून हार्डडिस्क पुसून त्या माणसाच्या हवाली केली.

घरी इंदुबाई टीव्हीला नाक लावून बसल्या. बाळ रांगलं, पडलं, हसलं. शेवटपर्यंत बघून त्या म्हणाल्या, "गोड आहे लेकरू. पण अहो, दीपी कुठंय?"

"ती शूटिंग करतेय ना. ती कशी दिसणार?"

रविवारी दीपालीचा फोन आला. ओव्हाळांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"आई, जयभीम! बघितलंस ना? दर वेळी आधी कॅमेरा माझ्याकडं वळवून तुझ्याशी बोललेय मी, मग बाळाकडं. बाबा, नीट जपून ठेवा हं. मी ते फक्त त्या हार्डडिस्कवरच ठेवलं होतं, माझ्याकडं दुसरी कॉपी नाही."

ओव्हाळांच्या पायांखालची जमीन सरकली.

"बघितलं गं," इंदुबाई म्हणाल्या. "छान दिसतेस. सगळं ऐकलं."

फोन ठेवल्यावर त्यांनी नवऱ्याकडं तोंड केलं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. नऊ लग्नांत नऊ परक्या नवऱ्या ओव्हाळांनी जिवापाड जपल्या होत्या आणि स्वतःची पोर स्वतःच्या हातानं कापून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते कॉम्प्युटरवरचं पुसलेलं परत आणायला बसले. पण त्या जागेवर लग्नं लिहिली गेली होती. दीपालीचे तुकडे उघडले की मधूनच कुणाची तरी वरात निघायची. तीन दिवस खटपट केली तेव्हा त्रेचाळिसांतला एक तुकडा धड निघाला.

त्यांनी तो जसाच्या तसा, न कापता, कोऱ्या डिस्कवर घातला आणि घरी आणून लावला. आधी फरशी दिसली, मग शेगडी, मग एकदम दीपाली. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं. "आई, आज तुझ्यासारखी आमटी जमली बघ," म्हणाली, हसली, आणि कॅमेरा बाळाकडं वळला.

"वाळलीये," इंदुबाई म्हणाल्या. काचेवर हात ठेवून त्या तशाच थांबल्या. "बाकीचं?"

"बाकीचं गेलं. मीच कापलं, इंदू. न बघता कापलं." ओव्हाळांना हुंदका आवरेना.

"बरं, आता रडू नका. पुन्हा लावा."

त्यांनी लावलं.

"पुन्हा."

चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, "डोळ्यांना त्रास होईल गं. किती वेळा बघशील?"

"पाठ होईपर्यंत," इंदुबाई म्हणाल्या. "नंतर लागेल मला."