मशीन दाबून ठेवल्याचा आळ

शिलाई मशीनला हात लावण्याआधी ती वास घ्यायची. नाक पार चाकाजवळ नेऊन, डोळे मिटून. मग आरोपीकडे बघावं तशी आपल्याकडे बघायची.

"खोबरेल कोणं टाकलं वं?"

मीच टाकलं होतं. निवृत्त झाल्यावर आपला ब्लाउज आपण शिवायचा, असा पण करून मी लकडगंजच्या एका भंगारवाल्याकडून काळी, सोनेरी वेलबुट्टीची जुनी मशीन घेतली. चार दिवस झटापट केली. सुई खाली जायची, पण खालचा दोरा काही वर यायचा नाही. कोणीतरी तेल घाला म्हणालं, मी घरातलं घातलं. थंडीचे दिवस, ते आत थिजून बसलं. नागपुरातल्या तीन दुकानदारांनी "नवी घ्या" म्हणून हात झटकले, तेव्हा मशीन मांडीवर घेऊन शेअर ऑटोनं कामठीत या बाईचं घर गाठलं.

"केसाले लावाचं तेल मशीनले? मंग वेणीबी घालाची होती!"

तीस वर्षं शाळेच्या कार्यालयात मी भल्याभल्यांना सुनावलं होतं. मला असं बोलायची कोणाची टाप नव्हती. पण तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील; त्यांच्यासमोर गिऱ्हाईक म्हणजे गुन्हेगारच.

तिचा नवरा छावणीतले गणवेश शिवणाऱ्यांच्या मशिनी दुरुस्त करायचा. तो गेल्यावर तिनं त्याची हत्यारं विकली नाहीत, स्वतःच हातात घेतली. सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणायचे. तिचा एकच नियम होता, आठव्या दिवशी मशीन परत. पार्ट मिळत नाही म्हणून दिवस काढणाऱ्याला ती सरळ खोटारडा म्हणायची. "भेटत नसन तं घासून बनवा. लोकाईची मशीन दाबून ठेवाची नाही. आपल्यापाशी नावाशिवाय आहे काय?"

माझी मशीन तिनं उलटी केली. आत एका मोडलेल्या दांडीला पितळेचा जोड होता. त्यावर तिनं अंगठा फिरवला.

"हे आमच्या बुढ्याचं काम आहे. ही सावनेरच्या आजीची मशीन. तुमच्यापाशी कशी आली?"

मी भंगारवाल्याचं सांगितलं. तिनं मशीन ठेवून घेतली.

आठव्या दिवशी गेले, तर मशीन फडक्यात बांधून तयार होती. पण मला हात लावू देईना.

"मी विकत घेतली आहे!" मी ओरडले.

"तुम्ही घेतली. पण विकली कोणं?" तीही ओरडली.

मग कळलं ते असं. तिनं सावनेरच्या एका ओळखीच्या शिंप्याकडे चौकशी केली. तो तिलाच म्हणाला, "आजीची मशीन सहा महिन्यापासून तुमच्यापाशीच पडली आहे ना? पोरगा सांगते, मिस्त्रीण देतच नाही." म्हणजे एकुलत्या एका लेकानं आईची मशीन परस्पर भंगारात घातली होती आणि कामठीला दुरुस्तीला दिली, असं आईला सांगून मोकळा झाला होता.

"सावनेरात मले चोर म्हणून राहिले, मॅडम! तुम्ही चला संगं. कुठून घेतली ते बुढीसमोर सांगा."

मी तर पेटलेच होते. रस्ताभर बसमध्ये आम्ही दोघी काय काय बोलायचं ते ठरवत होतो. त्या लेकाची खरडपट्टी काढायची मला इतकी घाई झाली होती, की आपली मशीन जाणार, हेही विसरले.

आजी ओसरीवर बसल्या होत्या. फडकं सोडताच त्यांनी मशीनवरून हात फिरवला, चाक फिरवलं आणि एखाद्या पोरीसारख्या हसल्या. मग मिस्त्रीणबाईवर कडाडल्या.

"सहा महिने वं? लाज नाही वाटत? माझा पोरगा तुह्याकडे चकरा मारून थकला. दुसरा असता तं म्हणला असता, मरू दे ते मशीन. असा पोरगा नशिबानं भेटते!"

पोरगा दारात उभा होता. चाळिशीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला. मान खाली.

मी तोंड उघडलं. मिस्त्रीणबाईनं माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली.

"चुकलं, माय," ती म्हणाली. "पार्ट भेटत नव्हता."

"आता पुन्हा नाही देत तुह्याकडे."

"नका देऊ, माय."

तो पठ्ठ्या मशीन उचलून आत घेऊन गेला. आम्हाला स्टँडपर्यंत सोडायलासुद्धा आला नाही.

परतीच्या बसमध्ये मी नुसती धुमसत होते. "माझी मशीन गेली, तुमचं नाव गेलं, आणि तो नालायक गुणाचा ठरला!"

"बुढीले पोरगा एकच आहे," ती म्हणाली. "मशिनी गंज भेटतात, ढिगानं. हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका, तुम्हाले माझी शपथ." मग पदरानं तोंड पुसलं.

पुढे सावनेरचं काम तिच्याकडे यायचं बंद झालं. मला ती दुसरी मशीन शोधून देणार होती. दोन दाखवल्या, दोन्ही तिनंच नापास केल्या.

गेल्या वर्षी ती गेली. तेरवीला मी कामठीला गेले होते. आजीही आल्या होत्या, लेकाच्या दंडाला धरून. हार घातलेल्या फोटोकडे बघत त्या शेजारणीला म्हणाल्या, "हुशार होती वं बाई. पण माझी मशीन सहा महिने दाबून ठेवली होती तिनं. हाव का नाही रे?"

"हाव," लेक म्हणाला.

मी हातातलं ताट खाली ठेवलं. शपथ मी आजही मोडलेली नाही, हे फक्त लिहिलं आहे. आजींना वाचता येत नाही. लेकाला येतं.