दिली पाच भांडी, मिळाली सहा

लोकांचे छापून येणारे असले गूढ अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि थाप नेमकी कुठे मारली आहे तेही सांगतो. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलोय याची पुरेशी लाज वाटते. भूतखेत, नजर, शकुन... मी काही मानत नव्हतो. आजही मानत नाही. पण जे घडलं ते घडलंच नाही असंही म्हणणार नाही.

मी त्रेपन्न वर्षांचा. राहायला वारज्यात. एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. शनिवारी सुट्टी असते, तेव्हा सकाळी मंडईतून भाजी घ्यायची आणि कसबा पेठेत पायी भटकायचं, हा माझा छंद. कुठल्याही मॉलमध्ये सापडणार नाहीत अशी दुकानं शोधायची. एक दुकान फक्त चाळण्यांच्या जाळ्या बदलून देतं. दुसऱ्यात फक्त गुंड्या, आणि मालक गुंडी बघून शर्ट किती जुना ते सांगतो. (दोनदा बरोबर, एकदा चूक.) गल्ली, दुकानाची रुंदी, पाटीवरचा मजकूर – सगळं मी वहीत टिपतो.

मुलीचं, मृण्मयीचं, लग्न ठरलं तेव्हा रुखवतात मांडायची तांब्याची भांडी मी तिथल्याच एका तांबटाकडून घेतली. हंडा, कळशी, घंगाळ, परात, तांब्या. पाच. पावतीवरही पाच. नावं घालायला त्याने दोन गल्ल्या पलीकडे रशीदभाईंकडे पाठवलं. त्यांचं दुकान सव्वातीन फूट रुंद. इतक्या वर्षांत मला ते कधी दिसलं नव्हतं, याचाच मला राग आला.

रशीदभाईंचा एक नियम. चिठ्ठीशिवाय भांड्याला हात लावायचा नाही, आणि चिठ्ठीत असेल ते जसंच्या तसं उतरवायचं. भिंतीवर एक स्टीलचा डबा टांगलेला, त्यावर सुंदर वळणात 'नाव जरा मोठं काढा' असं कोरलेलं. गिऱ्हाईक भांडून गेलं म्हणाले, पण चिठ्ठी त्याचीच होती.

मी चिठ्ठी दिली. 'चि. सौ. कां. मृण्मयी हिस, आई-बाबांकडून.' पाचही भांड्यांवर हेच. दुपारी चारला परत गेलो, तर फळीवर सहा भांडी.

सहावा एक छोटा तांब्या. भातुकलीतला वाटावा एवढा. त्यावर कोरलं होतं – 'ठकीस, दादाकडून.'

ठकी म्हणजे माझी धाकटी बहीण सुधा. सहा वर्षांची असताना तापाने गेली. मी तेव्हा दहा वर्षांचा. ठकी हे फक्त घरातलं नाव, आणि त्यानंतर आमच्या घरात ते कुणी उच्चारलं नाही. बायकोला एक नणंद होती एवढं माहीत होतं. ठकी हे नाव माहीत नव्हतं.

हे माझं नाही, असं मी रशीदभाईंना सांगितलं.

"अहो, सहा दिलीत तुम्ही. मोजल्याशिवाय मी घेत नाही."

"पाच दिली. मीही मोजल्याशिवाय देत नाही."

त्यांनी शांतपणे तारेत ओवलेल्या चिठ्ठ्या काढल्या. वरची माझी. तिच्याखाली दुसरी. त्याच वहीचं पान, तीच निळी शाई, आणि... अक्षर माझंच.

आता सरळ हिशेब. चिठ्ठी मीच लिहून विसरलो असेन, हे शक्य आहे. वय झालं, लग्नाची धावपळ होती. मान्य. पण तांब्या? तो कुठून आला? मी तसाच तांबटाकडे गेलो. त्याने तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, एवढं लहान काम आमच्याकडे वडील गेल्यापासून कुणी करत नाही. घरी येऊन मी मापं घेतली. उंची अठ्ठावन्न मिलिमीटर, वजन ब्याण्णव ग्रॅम. विसरण्यातून ब्याण्णव ग्रॅम तांबं तयार होत नाही.

(दुकान नंतर गायब झालं का, असं विचाराल. नाही झालं. कालच जाऊन आलो. रशीदभाई अजूनही सहावर ठाम आहेत.)

घरात मात्र गहजब झाला. बायकोचे थोरले भाऊ आले होते. गेलेल्या मुलीचं नाव लग्नघरात नको, वधूला बाधेल, आजच नदीत सोडा, असं त्यांनी बजावलं. बायकोही घाबरली. ती रडत म्हणाली की तुम्हाला पटत नसेल, पण पोरीच्या बाबतीत मला धोका नको. निदान आईंच्या दृष्टीला तरी पडू देऊ नका.

मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं नाव अशुभ? त्रेचाळीस वर्षं गप्प बसलो तेवढं पुरे."

आणि तांब्या उचलून सरळ आईच्या खोलीत गेलो. आई ब्याऐंशीची. चष्मा लावून तिने अक्षरं वाचली, मग बोटाने चाचपली. कुठून आणलास, हेही विचारलं नाही. तो मांडीवर घेतला. दारात बायको उभी होती, तिच्यामागे मेहुणे.

"ठकीचं रुखवत राहिलंच होतं रे," आई म्हणाली. "मांड पोरीच्या भांड्यांबरोबर."



लग्न होऊन अकरा महिने झाले. मृण्मयी ठणठणीत आहे. तिचा नवराही. हे शकुनाच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरावा म्हणून सांगत नाही, फक्त नोंद आहे. तांब्या कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते नाही म्हणून कुणी मला शांतीपूजा करायला सांगू नये. मी करणार नाही.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात रुखवत बघताना मुलाची मावशी त्या तांब्यापाशी थांबली. हा एवढासा कुणाचा, म्हणून तिने विचारलं. मी उत्तर देणार, एवढ्यात माझ्या आधी बायको बोलली.

"आमच्या ठकीवन्संचा."