पंचनाम्यावरची सही

आमच्याकडं साहेबानं कागद पुढं केला की सही करायची, वाचायचा नाही. वाचत बसलं तर साहेबावर भरवसा नाही असं दिसतं, आणि तसा उर्मटपणा आमच्या घरात कुणी केला नव्हता. बाबांनी बँकेच्या, सोसायटीच्या, पटवाऱ्याच्या कागदांवर आयुष्यभर अशाच सह्या ठोकल्या. इथले सरकारी कागद तेलुगूत, आणि त्यांना तेलुगू वाचता येत नाही. मला येतं, माझी सगळी शाळा तेलुगूत झाली.

त्या दिवशी जैनथच्या बाजारात वांगी विकून आम्ही बापलेकी स्कूटरवर परतत होतो. ठाण्यासमोर पोलिसानं हाक मारली, "चाचा, एक दस्तखत!" आत ओट्यावर पाण्याची एक मोटर ठेवलेली, आणि बाकावर आमचा शेतशेजारी बसलेला. चोरीची मोटर त्याच्या गोठ्यातून पंचांसमोर जप्त केली, असं पंचनाम्यात होतं. पंच कोण, तर माझे बाबा. ते त्या गोठ्याकडं फिरकलेसुद्धा नव्हते. मी बाजूला उभी राहून ओळ न् ओळ वाचली आणि मूग गिळून गप्प राहिले. बाबांनी सही केली, वर हातही जोडले.

शेजारी बरेच दिवस जेलात होता. मग जामिनावर सुटला. बांधावर भेटला की आधीसारखाच "रामराम काका" म्हणायचा, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा जेवताना मी बाबांना सगळं सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"तुले वाचता येत होतं तं बोलली काऊन नाही?"

"तुमी साहेबापुढं उभे होते, बाबा."

"म्हनून मानसाले जेलात जाऊ द्याचं?"

मी उठून माझं ताट उचललं.

पुढं कोर्टाचं समन्स आलं. खरं बोललं तर खोटी सही केली म्हणून आपण आत, नाही बोललं तर शेजारी आत, असा हिशेब बाबांनी मनाशी धरला होता. आठवडाभर त्यांना भाकर गोड लागली नाही.

कोर्टाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, देवळात काढतो तशा. जज मॅडम माझ्याहून चार-दोन वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी आधी बाबांना परत पाठवून चपला घालायला लावल्या. मग विचारलं, कोणती भाषा समजते. बाबा म्हणाले, मराठी. तेव्हा मराठी येणारा एक कारकून बोलावला, आणि तो येईपर्यंत कामच थांबवलं. मी मागच्या बाकावर तोंडात पदर धरून बसले होते.

सरकारी वकिलांनी सही दाखवली.

"माहीच हाये," बाबा म्हणाले. "पन मोटर काढताना मी पाह्यलं नाही. त्या गोठ्यात मी गेलोच नाही. न वाचता सही केली, चूक माही हाये. मले काय कराचं ते करा."

वकील चिडले. त्यांनी उलटसुलट बरंच विचारलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "घाबरू नका. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा." बाबा तेच ते सांगत राहिले. एक शब्दही बदलला नाही.

जबानी टाइप होऊन आली. सवयीनं बाबांचा हात पेनाकडं गेला. "थांबा," मॅडम म्हणाल्या, "आधी ऐका." कारकून मराठीत सांगू लागला. मोटर जप्त झाल्याचं मला आठवत नाही, असं एक वाक्य आलं.

"असं नाही म्हनलो मी," बाबा म्हणाले. "आठवत नाही म्हंजे पाह्यलंही असन. मी पाह्यलंच नाही."

आता ओरडा बसणार! पण मॅडमनी ते वाक्य खोडायला लावलं, नवं लिहायला लावलं, आणि पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. तोवर वकील थांबले, पोलीस थांबले, पुढच्या केसवाले थांबले. बाप्पा! एका वांगीवाल्याच्या एका वाक्यासाठी अख्खं कोर्ट थांबलं होतं. साहेब लोक ऐकूनही घेतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि अंगावरचा काटा स्कूटरवर बसेपर्यंत गेला नाही.

काही महिन्यांनी शेजारी निर्दोष सुटला. निकालाची नक्कल मिळाली त्या दिवशी तो ती घेऊन आमच्या मळ्यात आला आणि बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती माझ्याकडं दिली.

"वाच. जोरात वाच."

मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागले. पंचानं न वाचता सही केली होती, ही ओळ बाबांनी दोनदा वाचायला लावली. "जाऊ द्या ना काका," शेजारी म्हणाला. मी शेवटापर्यंत वाचलं. वाचता येणारी एक पोरगी तिथं उभी होती, असं त्यात कुठंच नव्हतं. मग ते मीच त्याला सांगितलं, तिथं, वांग्यांच्या ओळीत उभी राहून.

त्यानं नक्कल माझ्या हातून घेतली आणि तिची घडी घातली.

"मले माहीत हाये," तो म्हणाला. "तू वाचून राह्यली होती ना, तवा मी बाकावरून तुह्याकडंच पाहून राह्यलो होतो."