ओबाला आबांनी निवडलेला स्पीकर

"आबा, ह्यो का त्यो? लवकर बोला. दुकानाच्या माणसाची तीनची फेरीबोट चुकंल."

"जरा दम धर की रं. पुन्यांदा बोल."

आमचा गायक ओलुओच परत पडद्यामागं गेला. किसुमू शहरातल्या दुकानातनं दोन स्पीकर परीक्षेला आणून अकेलो मावशीच्या बारमधी मांडले होते. एक रुंद, ढेरपोट्या. दुसरा बारीक, उभा, नळकांड्यासारखा. आमच्या बँडाचा जुना स्पीकर फाटला होता आणि यातला एक ठेवून घ्यायचा होता. निवड ओबाला आबांची. सत्तावीस वर्षं आमचा आवाज त्यांच्याच हाती. रस्त्यावरनं जाता जाता सांगायचे, कुठली वायर ढिली हाय.

आमच्याकडं नुसतं गाणं वाजवून भागत नाही. गिऱ्हाईक मधेच गाणं थांबवतं, माइक ओढून घेतं आणि स्वतःची, सासुरवाडीची थोरवी गातं. त्यातलं अक्षर न् अक्षर शेवटच्या टेबलाला कळलं पाहिजे. न्हाईतर गडी दुसऱ्या बारात जाऊन बसतो. म्हणून स्पीकर पारखायचा तो पडद्यामागनं थोरवी म्हणवून, ही आबांचीच रीत. तोंड दिसलं की कान आळशी हुतो, म्हणायचे.

नळकांड्यातनं शब्द टाचणीसारखा आला. रुंद्यातनं नुसता हंडा घुमला, पत्र्याचे खिळे थरथरले. आबांनी छातीवर तळवा ठेवला होता.

"ह्यो," रुंद्याकडं बोट करून ते म्हणाले. "छातीत बसतोय."

मावशी ओमेना निवडत बसली होती, बोटभर लांबीची ती मासळी. ती म्हणाली, "आबा, मला तर त्यातलं काय बी कळलं न्हाई."

"तुझ्या कानात मासळी भरलीया, बाई."

सगळे हसले. मीही हसलो. मग ओलुओचनं माझ्याकडं बघितलं आणि मी गिटारच्या तारांकडं. त्याला माइक धरायला आबांनी शिकवलेलं, मला वायर जोडायला. तोंड कोण उघडणार?

"आबा म्हणत्यात तर ह्योच," ओलुओच म्हणाला. दुकानाच्या माणसानं आबांची सही घेतली, उभा स्पीकर गाडीत टाकला आणि गेला.

धुरळा बसल्यावर आबांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"त्यो उभा साफ हुता का रं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मला दोन्ही सारखंच लागलं. दोन वर्सं झाली, लोकांची तोंडं बघून चालवतोय."

"मग मगाशीच म्हणायचं की, आबा!"

"काय म्हणायचं? कान गेलं म्हणून? मग मी हितं कोण?"

गाडी अजून धक्क्याला पोचली नसंल म्हणून मी फोन काढला. आबांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड, पण सुटेना. मी फोन खिशात घातला तेव्हाच सोडलं.

"त्या वायरी तेवढ्या जिमिनीला चिकटवा," मावशी टोपली उचलत म्हणाली, "गिऱ्हाईक अडखळतंय."

आबा गुडघ्यावर बसले, चिकटपट्टीचं टोक दातानं तोडलं आणि दारापासनं सुरुवात केली.