तिसरं नाव

आज संध्याकाळी सक्करदऱ्याच्या वाचनालयात शेवंताबाईंचं गाणं ऐकायला गेले होते, एकटीच. स्वतः रचलेली गाणी त्या खंजिरीवर गातात. बहुतेक मरणाचीच, आणि लोक पोट धरून हसतात.

शेवटच्या गाण्यात मेलेली बाई तिरडीवरून पाहते, आपल्यासाठी कोण कोण आलंय. त्यासाठी त्या दरवेळी समोरच्या एकीला तीन नावं विचारतात. आज बोट माझ्याकडे आलं.

“सांग वं बाई, तुह्या मयतीले कोण कोण येईन?”

आई गेल्यापासून घरात मी एकटीच. नावंच सुचेनात.

“दूधवाला,” मी म्हणाले. सगळे हसले, मीही हसले.

“अन् बाकीचे दोन?”

मी मानेनेच नाही म्हटलं. खंजिरी क्षणभर थांबली. मग त्यांनी गाणं उचललं. दूधवाला आला, तो आधी पातेलं शोधतो. शेवंता आली, ती रडायचं सोडून चहा मागते. तिसऱ्याच्या जागी त्यांनी नुसतीच खंजिरी वाजवली.

निघताना माझा हात धरून म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात येऊन राहिली मी. तिसरं नाव घेऊन येजो.”

घरी आल्यापासून फोनमधली नावं चाळते आहे. तुम्ही इथे माझा ब्लॉग रोज वाचता, म्हणून विचारते. तुमच्यापैकी कोणाचं सांगितलं तर चालेल?