मोहरीएवढी गोळी

आमच्या चुलत मामंजींसारखा नेमका हात साऱ्या माळव्यात दुसरा नव्हता, हे मी आज शपथेवर सांगते. ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशी मात्र मी तोंडातून शब्द काढला नाही, तेही सांगते. एक सांगून दुसरं झाकायचं वय आता राहिलं नाही. चुलत मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासरे मी लग्न होऊन धारला यायच्या आधीच वारले होते, त्यामुळे घरात पुरुष दोनच, एक हे आणि दुसरे ओटीवरच्या खोलीत राहणारे मामंजी. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. तीस वर्षं ते अफूच्या काट्यावर, म्हणजे जिथं शेतकऱ्यांची अफू तोलून घेत तिथं, पारखी होते. तिरल्यापासून सरदारपुरापर्यंतचे शेतकरी अफूचा चीक मडक्यांत भरून आणायचे. मामंजी तो चिमटीत चोळायचे, नाकाशी न्यायचे, जिभेच्या शेंड्याला लावायचे आणि शांतपणे म्हणायचे, "भिया, इमें काथो है." शेतकरी आधी देवाची शपथ घ्यायचा, मग पोरांची, आणि तिसरी शपथ सुचायच्या आत काथ मिसळल्याचं कबूल करायचा. तीस वर्षं असं चाखून थुंकताना जी थोडी थोडी पोटात गेली, तिनं मामंजींना कायमचं धरलं. पेन्शनीत निघाले तेव्हा काटा सुटला, अफू सुटली नाही.

दिवसाला त्यांच्या दोन गोळ्या. सकाळी संध्या आटोपली की एक आणि दुपारी चारला एक. चारच्या आधीचे मामंजी आणि चारच्या नंतरचे मामंजी रस्त्यात समोरासमोर आले असते तर त्यांनी एकमेकांना ओळख दिली नसती. साडेतीनपासून जांभया, शिंका, गळणारं नाक, अंगावर काटा, आणि राग तर असा की मांजरानं अंग झटकलं तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. गोळी पोटात जाऊन घटका झाली की त्याच मांजराला बोलावून दूध. हे वेळापत्रक मोलकरणीला पाठ होतं, दारच्या भिकाऱ्याला पाठ होतं आणि मलाही झालं. माझं माहेर देवासचं. धाकट्या बहिणीच्या लग्नाला मला आठ दिवस आधी जायचं होतं आणि सासूबाई काही केल्या पाठवेनात. मी बरोबर साडेचारला ओटीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मामंजी म्हणाले, "आठ कशाला, पंधरा दिवस राहा. तुमच्या देवासात सगळंच दोन-दोन. राजे दोन, दरबार दोन, तुरुंगसुद्धा दोन. मुक्काम तेवढा एकपट कशाला?" आणि सासूबाईंना ऐकावं लागलं. देवासवरून माझी थट्टा करणं हा त्यांचा रोजचा खुराक होता. पानात चुकून लिंबाच्या दोन फोडी गेल्या तरी म्हणायचे, आज सूनबाईंनी देवासच्या पद्धतीनं वाढलंय.

कुठलंही औषध माणसाच्या अंगात कोणत्या वाटेनं जातं, हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ऐकायला माणूस नसला तर मी निवडत बसलेल्या तांदळांना सांगायचे. "क्विनीन कानांत जाऊन बसतं, म्हणून कान वाजतात. धोतरा डोळ्यांत जातो, बाहुल्या मोठ्या होतात आणि घशाला कोरड पडते. भांग जिभेवर जाते, मग माणूस हसतो आणि खातो, खातो आणि हसतो. एरंडेलाला मात्र कुठं बसायची सवयच नाही." मी एकदा विचारलं, "आणि अफू?" म्हणाले, "अफू काही बरं करत नाही, सूनबाई. दुखणं दाराशी उभंच असतं. अफू फक्त आतून कडी लावते. ते बाहेर धक्के मारतं, आपल्याला ऐकू येत नाही. आणि रोज लावून लावून कडी सैल पडते. मग कालच्याएवढी अफू आज पुरत नाही." हे त्यांनी चारच्या आधी सांगितलं होतं, म्हणून मला ते जास्त खरं वाटलं.

माणूस भेटला की ते आधी त्याचे डोळे बघायचे. शेजारच्या मुलीला पाहायला इंदूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, जरीची पगडी, बोलणं मऊ. सगळी मंडळी खूश. मामंजी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाले, "ओटीवर एवढा अंधार, तरी बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मुलगा अफूच्या मोहरीएवढ्या गोळीवरून हरभऱ्याएवढीवर पोचलेला आहे." मुलाचा बाप संतापला. "तुम्ही काय वैद्य लागून गेलात?" मामंजी म्हणाले, "छे. चोराच्या वाटा चोराला ठाऊक," आणि कनवटीची डबी काढून त्यांनी मुलापुढे अदबीनं धरली. मुलाचा हात आपसूक पुढं आला. स्थळ मोडलं. मुलीच्या घरच्यांनी महिनाभर आमच्याशी अबोला धरला आणि मग एके दिवशी काही न बोलता बर्फी पाठवली.

आता गोळ्यांचं. त्या काळी आमच्याकडे तान्ह्या मुलाला अफू देत नाही असं घर दिव्यानं शोधावं लागलं असतं. मजुरणीला शेतावर जायचं असे, कारकुनाच्या बायकोला चुलीशी बसायचं असे, आणि मूल झोपल्याशिवाय दोघींचंही चालत नसे. मामंजींना हे मुळीच पटत नव्हतं. म्हणायचे, "लेकराला आपण कडी लावून देतो, पण ते ती आतून काढू शकत नाही. श्वास घ्यायचंच विसरतं." पण बायका ऐकणाऱ्या नव्हत्या. नखानं तोडून वाटेल तेवढी द्यायच्या. शेवटी मामंजींनी ठरवलं की देणारच असतील तर निदान माझ्या हातची देतील. जायफळात घोटून ते मोहरीएवढ्या गोळ्या वळायचे. दिवसाला एक, उद्याचा सूर्य उगवल्याशिवाय दुसरी नाही, असं प्रत्येक बाईकडून वदवून घ्यायचे. तराजू नाही, काही नाही, नुसती चिमूट. वळून झाल्या की पाटावर एका रांगेत मांडायचे, वरून लाकडी पट्टी टेकवायचे आणि पलीकडे दिवा धरून वाकून बघायचे. पट्टी आणि गोळी यांच्यामधून कुठं उजेड दिसला तर सगळ्या मोडून पुन्हा वळायचे. त्यांच्याजवळ ना जमीन होती ना सोनं. हा हात तेवढा होता, आणि त्याचा त्यांना इतका गर्व होता की आम्ही मागं हसायचो.

माझा मुलगा आठ महिन्यांचा असतानाची चैत्रगौर. दात येत होते, पहाटेपासून रडून त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. तिसऱ्या प्रहरी दरबाराकडच्या बायका हळदीकुंकवाला येणार, कैरीची डाळ वाटायची, कलिंगडं चिरायची. सासूबाई आणि मी सकाळपासून एकमेकींशी बोलत नव्हतो. कारण काय, तर पन्ह्यात वेलदोडा किती घालायचा. त्यांनी पोराला मागच्या पडवीत नेऊन मामंजींची गोळी दिली. मी आत पाट्यावर डाळ वाटत होते, मला कुठून कळणार? घटकाभरानं मी त्याला पाजायला घेतलं, तो अजून किरकिरतच होता, म्हणून बोटावर दूध घेऊन मीही एक दिली. एरवी सांगितलं असतं. त्या दिवशी सांगायचं कोणी कोणाला?

तीन वाजून गेल्यावर बायका येऊ लागल्या. मूल पाळण्यात गाढ. एक जण म्हणालीसुद्धा, किती गुणाचं पोर. मामंजी पन्ह्याची वाटी घेऊन ओटीकडे परत निघाले होते. पाळण्यापाशी थांबले, वाटी खाली ठेवली आणि त्याची पापणी वर केली. "टाचणी," एवढंच म्हणाले. पोराचे ओठ काळसर दिसत होते. ह्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं, मला गार पाणी आणि काळी कॉफी आणायला सांगितलं, आणि त्याला खांद्यावर टाकून ते अंगणात चालू लागले. तळपायाला टिचक्या, तोंडावर पाणी, आणि त्याचा एकेक श्वास मोठ्यानं मोजणं. मोजता मोजता त्यांनी विचारलं, "किती दिल्या?"

सासूबाईंनी सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. दोघींनाही एकाच वेळी कळलं. माझं तोंड उघडलं होतं, पण सासूबाई आधी बोलल्या. "एक. मीच दिली." अंगणात पंधरा बायका उभ्या होत्या. मामंजींनी माझ्याकडे बघितलं, "एकच?" मी मान खाली घातली. सुनेनं मान खाली घातली की आमच्यात त्याचा अर्थ होय असाच होतो. ते म्हणाले, "एका गोळीनं असं व्हायचं नाही. म्हणजे माझा हात चुकला." आणि पुन्हा मोजायला लागले.

डॉक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, हेच चालू ठेवा, थांबू नका. चार वाजून गेले. मामंजींनी आपली गोळी घेतली नाही. नाक गळत होतं, शिंकांवर शिंका येत होत्या, पण ते पोराला दुसऱ्या कोणाच्या हातात देईनात. हे पुढं झाले तर म्हणाले, "तू श्वास चुकवशील." दिवेलागणीला पोरानं एकदम टाहो फोडला. सगळ्या बायका रडायला लागल्या आणि मी वेड्यासारखी हसत होते. मामंजी पायरीवर बसले आणि आपली बोटं उलटसुलट करून बघत राहिले. त्या क्षणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? सासूबाई चार दिवस बोलल्या नसत्या, बायकांनी चार महिने नावं ठेवली असती. एवढंच ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गल्लीत घरोघर गेले, प्रत्येक मूल जिवंत आहे ना ते डोळ्यांनी पाहून आले आणि उरलेल्या गोळ्या परत घेऊन आले. सगळ्या एका पितळी डबीत घालून डबी माझ्या हातात दिली. "उकिरड्यावर टाकू नका, पोरं उचलतील." मग स्वतःच्या गोळीची वेळ झाली तर म्हणाले, "जो हात लेकराचं मोजू शकला नाही, तो माझंही मोजणार नाही." डॉक्टरांनी समजावलं की या वयात एकदम सोडू नका, मी तोलून देतो, थोडी थोडी कमी करू. ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी पोट सुटलं, पाय आपोआप झटके द्यायला लागले, डोळ्याला डोळा लागेना. तशातही त्यांचं शिकवणं चालूच. "बघा सूनबाई, कडी निघाली. तीस वर्षांची दुखणी एकदम आत शिरलीयत. एक दाढसुद्धा आलीय. दाढ केव्हाच पडली, तिचं दुखणं बिचारं अजून बाहेर ताटकळत होतं." मला हसू आलं आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

सहाव्या दिवशी मला राहवेना. ओटीवर जाऊन त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. वेलदोडा, पडवी, डाळ, माझं बोट, सगळं. "मामंजी, गोळ्या दोन गेल्या. हात तुमचा नाही चुकला, आम्ही चुकलो. तुम्ही तुमची गोळी घ्या." ते हसले. म्हणाले, "तुम्हा देवासकरांना सगळं दोन-दोनच दिसतं." मी म्हटलं, थट्टा नाही, सासूबाईंना विचारा. सासूबाई दारातच उभ्या होत्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "काहीबाही बोलते पोर. झोप नाही ना तिला." मामंजींनी मान हलवली. "मी तिथं पोराचा जीव मोजत असताना या घरातल्या बायका खोटं सांगतील होय? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर आळ घेताय. गुणाची आहात." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात इतका थरथरत होता की माझ्या केसांतलं फूल खाली पडलं.

वैशाख संपायच्या आत ते गेले. गेले तेव्हा अफू पूर्ण सुटलेली होती, आणि गल्लीतले लोक त्याचं कौतुक करत होते. सासूबाईंवर मी वीस वर्षं मनातून चिडले, त्यांचं सगळं केलं आणि चिडले. त्या गेल्यावर कळलं की राग काढायचा तर आता माझ्या स्वतःवरच. मुलगा मोठा झाला. बागलीला नोकरीवर असतो, त्याला मिशा आहेत. त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, "आई, जुनं झालं आता." त्याचं काय जातंय म्हणायला, तो झोपलेला होता.

गेल्या चैत्रात ती पितळी डबी घेऊन मी सराफ्यातल्या एका म्हाताऱ्या सोनाराकडे गेले. गोळ्या वाळून खडे झाल्या होत्या. म्हटलं, एक या पारड्यात घाल, एक त्या पारड्यात घाल, आणि अशा सगळ्या बघ. त्यानं आधी मला वेड्यात काढलं. मग एकेक जोडी घालत गेला, आणि काट्याची जीभ मधोमध उभी ती हललीच नाही. शेवटची जोडी झाल्यावर त्यानं चष्मा काढला. "बई, यो हाथ किको है? असो कारीगर म्हारे चइये."

मी त्याला म्हटलं, घरातलेच होते एक. आणि डबी पदराखाली धरून घरी आले.