पंतोजींनी जोडलेली ओळ

पुसेगावला माझ्या आत्याच्या कपाटात एक पितळी डबा असे. त्यात तिच्या पणजोबांची पत्रं होती. त्यांनी घरी लिहिलेली आणि घरून त्यांना गेलेली. निजामाच्या काळात ते हैदराबादला डॉक्टरी शिकले आणि पुढं जन्मभर सेनगावच्या आसपासच्या खेड्यांत तट्टावरून औषधं देत फिरले. आत्या त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायची. पण पत्रं मोडीत होती, आम्हा कुणालाच वाचता येत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मी आत्याला हिंगोलीला नेलं. तिथं एक निवृत्त मुसलमान गुरुजी जमिनीचे जुने मोडी कागद वाचून देतात.

"घरातलं काही खाजगी निघालं तर वाचू का?" त्यांनी आधीच विचारलं.

"वाचा की. आता लाजायला कोण राहिलंय?" आत्या म्हणाली.

पहिल्याच पत्रात पणजोबांनी आईला कळवलं होतं की, प्रेत फाडायच्या खोलीत मला भोवळ आली, अन्न उतरत नाही, मी घरी येतो.

"ते भ्याले व्हते?" आत्याला पटेना.

"सगळेच भितात, बाई," गुरुजी म्हणाले.

मग आईचं उत्तर निघालं. तिला अक्षरओळख नव्हती; ती सांगायची, गावचे पंतोजी लिहायचे. 'ये. घर तुझंच आहे, कोणी हसणार नाही. पण तुझी बहीण बाळंतपणात गेली तेव्हा गावात जाणतं माणूस नव्हतं. तेवढं आठव आणि मग ठरव.' खाली बारीक अक्षरात पंतोजींनी स्वतःचं जोडलं होतं : 'हे सांगताना मातोश्री दोनदा थांबल्या. रडल्याचं लिहू नका म्हणाल्या. मी लिहितो आहे.'

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"तेवढंच परत वाचा," आत्या म्हणाली. त्यांनी वाचलं.

पुढच्या पत्रांत घरी येण्याचं नाव नाही. लोणचं पाठवा, घोंगडी पाठवा, एवढंच. शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी मात्र त्यांनी एका अडलेल्या बाईची हकीकत कळवली होती. 'माय-लेकरू दोघं सुखरूप. मी नुसतं पाणी गरम ठेवलं.' हे ऐकून आत्या तोंडाला पदर लावून हसली.

परतीच्या बसमध्ये ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "एवढंसं पोरगं, कोणाची वळख न्हाई तिथं. किती घाबरलं असंल रे."

जन्मभर अहो-जाहो केलेल्या पणजोबांना तिनं पहिल्यांदाच पोरगं म्हटलं होतं.